सर्व बदला

४ नोव्हेंबर, मंगळवार

लेख संपवला एकदाचा. 'शिक्षणगंगेचा भगीरथ'. मथळा माझा नव्हे, वरून आलाय, पीएकडून, रंगासकट. अ.म.च्या अभीष्टचिंतनाचा गौरव अंक निघतोय, त्यात पान सात माझं. अ.म. म्हणजे शैलाच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष महोदय, पीए त्यांचाच. स्वतःच्या वहीत पूर्ण नाव लिहायला हात धजत नाही, आणि गावात माझी ओळख 'कुणाला न भिणारा विनोदी लेखक' अशी करून देतात.

न भिणाऱ्यानं का लिहिला, तेही लिहून ठेवतो. शैला त्यांच्या शाळेत लग्नाआधीपासून शिकवते. मुख्याध्यापकाची जागा रिकामी झालीय. यादीत पहिलं नाव तिचं, दुसरं पीएच्या मेव्हणीचं. ऑर्डर वाढदिवसाला निघणार. ही निघाली नाही तर दुसरी निघते, शिरूर कासारकडच्या शाखेत बदलीची. तिथं दिवाळी झाली की निम्मी पोरं आईबापांबरोबर उसाच्या फडावर जातात, वर्ग ओस पडतात, आणि बाई 'अतिरिक्त' ठरतात. अतिरिक्त माणसाला कुणी काढत नाही. नुसतं विसरतात. घर शैलाच्या पगारावर चालतं. माझ्या साप्ताहिकातल्या सदरावर चहा चालतो, बिनदुधाचा.

म्हणून लिहिला. इतका गोड की कॉम्प्युटरला मुंग्या लागाव्यात.

दुपारी घरात कुणी नाही. लेख वरून खाली वाचला. दर ओळीत शिक्षण, शिक्षक, सुशिक्षित. खाज सुटली. 'शोधा'च्या चौकटीत 'शिक्ष' लिहिलं, खालच्या चौकटीत 'भक्ष'. शेजारी बटण: सर्व बदला.

दाबलं. दोन मिनिटं हसू, मग पूर्ववत करू, असा विचार.

'तालुक्यात एकही मूल अभक्षित राहू नये, ही साहेबांची तळमळ.' 'भक्षणाची भूक त्यांना लहानपणापासूनच.' 'आयुष्यभर त्यांनी भक्षणाशिवाय दुसरा विचार केला नाही.' एकटाच मोठ्यानं हसलो. तिसऱ्या वाक्यापाशी पडदा पांढरा झाला. वर कंसात आलं: (प्रतिसाद देत नाही).

संध्याकाळी, तोच दिवस

अजून पांढराच. उंदीर फिरतो, पण जागचं काही हलत नाही. प्रत्येक बटण चार-चारदा दाबून झालं.

आणि आता आठवलं ते वेगळंच. आपल्याकडं लोडशेडिंगनं बोटांना एक सवय लावलीय. वाक्य झालं की कंट्रोल-एस. वीज कधी जाईल नेम नाही, पूर्णविराम दिला की जतन. इन्व्हर्टर आला तरी बोटांना कुणी कळवलं नाही. 'सर्व बदला' दाबल्यावर डावा हात आपोआप गेला होता. दाबलं मी. जतन.

आणि लेख ठेवलाय 'गफूरभाई' नावाच्या फोल्डरमध्ये. गफूरभाई प्रेसवाले. त्यांनीच बसवून दिलेली सोय: यात जे जतन कराल ते इंटरनेटवरून थेट प्रेसमध्ये. सदर वेळेवर जावं म्हणून. गौरव अंकही तेच छापतायत.

मृणालला फोन. मुलगी पुण्यात दिवसभर हेच करते, पगार घेऊन.

"बाबा, काय केलं तुम्ही?"

"काही नाही केलं."

"काही न करता हँग होत नाही. किती वेळा क्लिक केलं?"

"थोड्या."

"थोड्या म्हणजे तुम्ही बडवलंय. ऐका. तुम्ही जे जे दाबता ते सगळं ते रांगेत लावून ठेवतं. शुद्धीवर आलं की एकेक पाळत जातं. आता हात लावू नका. वाट बघा."

म्हणजे रांगेत माझं जतन उभं आहे. यंत्र शुद्धीवर आलं की पहिलं तेच पाळणार.

वायफायचा डबा उपटून काढला. लोक बंद पडलेलं यंत्र सुरू व्हावं म्हणून देव पाण्यात ठेवतात. मी ते शुद्धीवर येऊ नये म्हणून ठेवून बसलोय.

शैला आली. "अहो, नेट का गेलंय?" म्हटलं, तुटलंय कुठं तरी.

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी तसंच. पांढरा पडदा, गोल फिरणारं चक्र. शैला शाळेत गेल्यावर मृणालचा फोन.

तिनं कार्य व्यवस्थापक उघडायला लावलं. यंत्रावर सगळं मराठीत मीच हट्टानं करून घेतलंय, त्याची शिक्षा आता. (शिक्षा लिहितानाही दचकलो.) ती इंग्रजीत सांगते, मी मराठीत शोधतो.

"एंड टास्क दिसतंय का?"

"'कार्य समाप्त करा' आहे."

"तेच. दाबा."

लेखाचं नाव निवडलेलं, 'अध्यक्ष-गौरव-अंतिम'. खाली: कार्य समाप्त करा. बीडमध्ये राहून या दोन गोष्टी एकाखाली एक बघायच्या आणि वर बटण दाबायचं. दाबलं. गेलं.

मग यंत्र बंद, पुन्हा सुरू. मग लेख उघडायला गेलो तर परत पांढरा. मृणाल म्हणाली, "नेट लावा, मी इथून बघते."

"नेट लावलं तर जाईल ना ते!"

"काय जाईल?"

डबा मागं लपवला, जणू तिला दिसतोय.

"बाबा, काय जाईल?"

म्हटलं, तू फोल्डर तेवढं जाऊ नये असं कर, मग लावतो. तिनं एक खूण शोधायला लावली, ढगाच्या चित्राची, तिथं 'थांबवा'. थांबवलं. डबा लावला. मग बाण आपोआप हलायला लागला. भूत फिरल्यासारखा पडद्यावर फिरत होता, पुण्याहून. तिनं लेखाची प्रत दुसरीकडं घेतली, तिथं तो उघडला. ती वाचत होती.

"बाबा, तुम्ही वेडे आहात का?"

"गंमत..."

"आईची नोकरी आहे ती."

मग म्हणाली, "फाइलवर हिरवी खूण आहे. हिरवी म्हणजे गेलीय. कालच दुपारी. तुम्ही डबा उपटायच्या आधी."

आयुष्यात हिरव्या रंगाची भीती पहिल्यांदा वाटली.

तिनं जुनी आवृत्ती शोधून परत जागेवर ठेवली आणि 'थांबवा' उठवलं. फोल्डरमध्ये आता शिक्षण आहे. पण काल दुपारपासून आज दुपारपर्यंत तिथं भक्षण होतं. त्या वेळात प्रेसनं उचललं की नाही, ते पुण्यातून दिसत नाही, बीडमधूनही नाही.

"गफूरकाकांना सरळ विचारा."

सरळ. गफूरभाई संस्थेचं सगळं छापतात, प्रश्नपत्रिकांपासून लग्नपत्रिकांपर्यंत. त्यांना सांगायचं म्हणजे...

"आईला सांगितलं का?"

नाही सांगितलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गफूरभाईंना फोन. सहज विचारल्यासारखं.

"लेख मिळाला का?"

"मिळाला की सर! लई भारी लिवलाय."

"वाचला तुम्ही?"

"हेडिंग वाचलं. हेडिंगच असलं हाय, खाली वाचायची गरजच न्हाई."

"कधी उचलला? काल का परवा?"

"कावून हो सर? पैसं का तारखंवर लागतेत तुमाला?" आणि हसले. "पानं लावणाऱ्या बाईनं लावला पानात. आता पीए साहेब आलते, सगळी पानं पास करून गेले. सही हाय."

"त्यांनी वाचली?"

"सर, सही करणारानं वाचली तर सही कवा करायची?"

फोन ठेवला. पीएनं वाचलं नसेल, ही एकच आशा, आणि पीएनं वाचलं नाही, हीच एक भीती. वाचलं असतं तर तिथंच थांबलं तरी असतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

राहवेना. प्रेसवर गेलो. पानं लावणाऱ्या बाई रजेवर. गफूरभाई स्वतःच्या मशिनीवर बसले.

"पान सात बघू."

त्यांनी उघडलं. त्यांचं यंत्रही माझ्याच जातीचं, आधी बराच वेळ पांढरं. मग पान आलं. मधोमध अ.म. हसतायत, फेटा, गळ्यात हार, आणि चोहोबाजूंनी चौकोन. अक्षराच्या जागी नुसते बारीक बारीक रिकामे चौकोन, ओळीच्या ओळी.

"ह्ये काय?"

"फॉन्ट न्हाई सर ह्या मशिनीवर. बाईच्या मशिनीवर हाय. छापून येताना बरूबर येतंय, काळजी करू नका."

"बाईंचं मशीन लावा."

"पासवर्ड बाईकडं."

चौकोन मोजल्यागत बघत बसलो. शि आणि भ, दोघांचाही चौकोन सारखाच दिसतो. जवळ जाऊन, चष्मा काढून, चष्मा घालून. गफूरभाई माझ्याकडं बघत होते.

"सर, तब्येत बरी हाय ना?"

"एक शब्द बदलायचाय."

"आता? गाडी गेली सर." रंगीत छपाई पुण्याला. पानांची पेनड्राइव्ह सकाळीच मांजरसुंब्याला ट्रॅव्हल्सवाल्याच्या हवाली. "आन् बदलायचं म्हणलं तरी पीए साहेबांना विचारावं लागंल. कोन्ता शब्द?"

"राहू द्या."

स्कूटर घेतली आणि सरळ मांजरसुंबा. का गेलो ते मलाही माहीत नाही. गाडी सकाळचीच गेलेली. ढाब्यावर बसलो. चहा पिवळा, मिरची तळल्याचा वास. सगळ्या दिशांना गाड्या निघतायत. भाकरी थापणाऱ्या बाई म्हणाल्या, "दादा, कुटं जायचंय?" म्हटलं, जायचं नव्हतं कुठं, थांबवायचं होतं. त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं बघितलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

पीएचा फोन.

"सर, साहेब तुमच्या लेखाबद्दल बोलले."

"काय बोलले?"

"म्हणले, सोहळ्याला या म्हणावं. पुढच्या रांगेत खुर्ची ठेवलीय. म्याडमसकट."

"वाचला का त्यांनी?"

पीए थांबला. "साहेब सगळं वाचतेत, सर." आणि फोन बंद.

यात धमकी आहे की निमंत्रण? आपल्याकडं दोन्हीची भाषा एकच. पुढच्या रांगेत माणूस बसवतात तो मान म्हणून, आणि हलला तर दिसावा म्हणून.

दुपारपासून घरासमोर पांढरी गाडी, काळ्या काचा. संध्याकाळी कळलं, समोरच्यांच्या जावयाची. जावई बिचारा उतरून मला नमस्कार करून गेला, मी केला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

शैलाला म्हटलं, कपिलधारला जाऊ. ती चक्रावली. मी स्वतःहून देवाला.

घरी सांगता येत नव्हतं. खालच्या मजल्यावर संस्थेचा शिपाई राहतो, आणि आपल्या भिंती म्हणजे संस्थेच्याच ठेकेदारानं बांधलेल्या. धबधब्यापाशी आवाज असतो. बाजूच्या माणसालाही ऐकू जात नाही. तिथं सांगायचं ठरवलं.

खरंच ऐकू जात नव्हतं. तिलाही.

"काय?"

"'शिक्ष'च्या जागी 'भक्ष' टाकलं!"

"रक्षा?"

"भक्ष! भ! भटजीचा!"

"कोण भटजी?"

शेवटी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, आणि तेवढ्यात तिला समजलं, आणि ती दचकून जोरात म्हणाली, "भक्षक? साहेबांना?" ओल्या धोतरातले एक आजोबा वळून बघायला लागले. त्यांची टोपी संस्थेच्या सुवर्णमहोत्सवातली वाटली. नसेल. आता सगळ्याच टोप्या तशा दिसतात.

परतताना ती स्कूटरवर मागं बसली. पाठीवर तिचा हात नेहमी असतो, तो नव्हता. वळणं आली तरी नव्हता. घरी येऊन कुकर लावला. मी दारात उभा. प्रतिसाद नाही. हिच्यासाठी कुठलं बटण, ते मृणाललाही माहीत नाही.

कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला, पाठमोरीच: "आणि 'प्रशिक्षण'चं काय झालं?"

"प्रभक्षण."

तिचे खांदे हलले. मला वाटलं रडतेय. जवळ गेलो तर हसत होती, पदर तोंडात कोंबून, खाली आवाज जाऊ नये म्हणून. डोळ्यातून पाणी. "उन्हाळ्यात दरवर्षी प्रभक्षणाला पाठवतात आम्हाला..." आणि परत. मग एकदम थांबली.

"शिरूरला मी नाही जाणार हो. तिथली एक बाई मला भेटली होती. म्हणे, रिकाम्या वर्गात हजेरी घेते, नावं पुकारते, आणि स्वतःच 'हजर' म्हणते. मी नाही तसली होणार."

कुकर तिसऱ्यांदा वाजला. दोघंही दचकलो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काही नाही. अंक आला नाही. गफूरभाई फोन घेत नाहीत. घेत नाहीत म्हणजे लग्नात असतील. किंवा...

सदर लिहायला बसलो. शब्द येत नाहीत. कॉम्प्युटर मात्र या दोन दिवसांत असा चालतोय जसा नवा. टक करून उघडतो, टक करून मिटतो. लाचार झालाय.

शैला सांगत होती, पीएची मेव्हणी आज शिक्षक खोलीत पेढे वाटून गेली. "कशाचे?" विचारलं तर म्हणे, "असेच."

असेच पेढे कुणी वाटतं का?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मृणालचा मेसेज: बाबा झोपताय ना?

झोपतो, पण डोळे मिटले की चौकोन दिसतात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सोहळा. मंडप, ढोल, फेटे. पुढची रांग. शैलानं मोतिया साडी नेसली होती, तिची एकच ठेवणीतली. गफूरभाई मंडपाच्या कडेला गठ्ठे सोडत होते. मला बघून हात केला, हसले. कसले हसले ते कळलं नाही.

प्रकाशन झालं. अंक हातोहात. माझ्या मांडीवरही एक. उघडवेना. शैलानं उघडला. पान सात.

मथळा रंगीत, 'शिक्षणगंगेचा भगीरथ', लाटा काढलेल्या. मथळा त्यांचाच, चित्रातला, तो कसा बदलणार. खाली:

'मराठवाड्याच्या भक्षणक्षेत्रात ज्यांचं नाव आदरानं घेतलं जातं...'

सगळं. शेवटच्या ओळीपर्यंत. 'सुभक्षित समाज घडवणाऱ्या या भक्षणमहर्षींना उदंड आयुष्य लाभो.'

शैलानं अंक मिटला. तिचं नख माझ्या मनगटात.

मागं वळून पाहिलं. आख्खा मंडप अंक चाळत होता. चाळत म्हणजे प्रत्येकजण आपापला फोटो शोधत होता. सापडला की शेजाऱ्याला दाखवत होता, मिटत होता, त्यानंच वारा घेत होता. कुणीही एक ओळ वाचत नव्हतं. लेखक म्हणून माझा एवढा अपमान कधी झाला नाही, आणि माणूस म्हणून एवढी सुटका.

गफूरभाईंना गाठलं. "तुम्ही पाहिलंत?"

"काय?"

"पान सात."

"सर," खांद्यावर हात ठेवून, "मी छापतो. आजवर जे छापलं ते वाचलं असतं तर कवाच मेलो असतो." पण हात खांद्यावरून काढायला थोडा जास्त वेळ घेतला.

सुटलो, असं वाटलं. तोच पीए. "साहेब बोलावतेत, म्याडमसकट."

अ.म. खुर्चीत. हारांचा ढीग बाजूला. पुढ्यात ताट, पुरणपोळी, तूप. मला बघून घास थांबवला.

"या सर. लेख पचला बरं का तुमचा."

काय?

"लई हलका हाय पचायला. न्हाई तर लोक लिवतेत, दगडागत." तुपात बोट बुडवलं. "म्या म्हणलं, आपल्या लेकरांस्नी बी कळू द्या. सोमवारी परिपाठाला सगळ्या शाखांत वाचायचा. अंकाचे गठ्ठे निघालेत. आन् मोठ्या शाळंत म्याडमच वाचतील." शैलाकडं बघून हसले. "घरचंच अन्न हाय. म्या येतोच हाय ऐकायला."

शैलानं मान डोलावली. कशी डोलावली देव जाणे.

"आन् तुमच्या ऑर्डरीचं परिपाठ झाल्यावर बघू, म्याडम. घाई न्हाई."

पुरणपोळी उचलली. दुसरं माणूस आत आलं. आम्ही बाहेर.

पचला. हलका. घरचं अन्न. घरी येईपर्यंत हे शब्द उलटे-सुलटे करून बघितले. वाचलंय त्यांनी? वाचलं असेल तर हा डाव आहे. वाचलं नसेल तर जेवता जेवता जे शब्द तोंडात आले ते. भक्षण करणारा माणूस भक्षणाचेच शब्द वापरणार, त्यात...

१६ नोव्हेंबर, रविवार

मृणालला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग आई वाचताना शिक्षण म्हणेल. सोपं आहे."

शैला म्हणाली, "तुला शाळा सोडून किती वर्षं झाली गं?"

मग समजावून सांगितलं. परिपाठाला एकजण वाचतो, पण मुलांच्या हातात अंक असतो. बोट ठेवायचं ओळीखाली, बाई वाचतील तसं बोट सरकवायचं. ही सवय तिनंच लावलीय, पहिल्या वर्गापासून. म्हणजे आख्ख्या संस्थेत वाचणारी कुणी असतील तर तेवढीच. बाईंनी 'शिक्षण' म्हटलं आणि बोटाखाली 'भक्षण' असलं तर?

"पाचवीतली एक पोरगी आहे माझ्या वर्गात. मी फळ्यावर वेलांटी चुकवली तरी हात वर करते. 'बाई, चुकलं.' उद्या साहेबांसमोर हात वर करेल."

"आणि छापलंय तसं वाचलं तर?"

"तर कुणाचाच हात वर होणार नाही."

दुपारी स्वयंपाकघरात शैला सराव करत होती. आधी एका शब्दानं, मग दुसऱ्या. खिडकी लावून. मोठ्यानं वाचायची तिची पद्धत आहे, स्वच्छ, अक्षर अन् अक्षर सुटं. थोड्या वेळानं जीभ घसरायला लागली. 'शिक्षण' म्हणायचं तिथं 'भक्षण', 'भक्षण' म्हणायचं तिथं 'शिक्षण'. एकदा थांबून म्हणाली, "अहो, कुठलं छापलंय हेच आता लक्षात राहत नाही."

आजारी पडल्याचं सांग म्हटलं. रजा टाक. म्हणाली, "मग पीएची मेव्हणी वाचेल. तिला समजून वाचता येत नाही, ती छापलंय तेच वाचेल. आणि ते तुमच्या नावावर."

खरं आहे.

संध्याकाळी कॉम्प्युटर लावला. 'अध्यक्ष-गौरव-अंतिम'. उघडला, टक करून. सगळीकडं शिक्षण. सुंदर, निर्मळ, मृणालनं परत आणलेलं. जगात एकच बरोबर प्रत उरलीय, ती माझ्या खोलीत, आणि ती कुणाला नकोय.

चौकटीत अजून जुनेच शब्द भरलेले होते. वर 'शिक्ष', खाली 'भक्ष', शेजारी 'सर्व बदला'. आज पहिल्यांदा ते बटण दुसऱ्या अर्थानं वाचलं. मग तिसऱ्याही. बदला. बदली. एका वेलांटीचा फरक.

यंत्र बंद केलं. प्लगही काढला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

शैला लवकर उठली. मोतिया साडी नव्हे, रोजचीच, निळी, खडूची. अंक पिशवीत, वर डबा. मी चहा केला, दुधाचा. तिनं अर्धा ठेवला.

खाली शिपायानं हाक मारली, "म्याडम, साहेबांची गाडी निगाली म्हणं, चला बिगीबिगी!"

चपला घातल्या. पायऱ्यांपाशी थांबली. वळली. मी दारात.

"मग? सर्व बदलू, का राहू दे छापलंय तसं?"

चेहरा नेहमीचा. हजेरी घ्यायला निघाल्यासारखा. भ्यालेली होती का? मला सांगता येत नाही. मी एवढा भ्यालेलो होतो की दुसऱ्याची भीती ओळखायची ताकद उरली नव्हती. ओठ हलवले. 'बदल' म्हणायचं होतं, किंवा 'नको'. दोन्ही शब्द रांगेत उभे राहिले, एकही पुढं सरेना.

ती माझ्याकडं बघत राहिली, यंत्राकडं बघतात तशी, शुद्धीवर येतंय का म्हणून.

मग पिशवी खांद्यावर घेतली आणि उतरली.

आता परिपाठाची घंटा झाली असेल. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, मग ती. फोन समोर ठेवलाय. वाजत नाही.